उतरत्या महासत्तेची जरब: ब्रिटनच्या अनुभवावरून एक उत्तर

एखाद्या महासत्तेची आर्थिक ताकद ओसरू लागल्यावर केवळ प्रतिरोधनाच्या धोरणावर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने पाऊल उचलण्याआधीच त्याला परिणामांची जरब बसवून, तिला जगातले आपले स्थान टिकवता येते का, असा प्रश्न विचारला गेला आहे. सामरिक इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर अनेकदा आला. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आजची अमेरिका असते. मी मात्र उत्तरासाठी ब्रिटनकडे वळतो. अमेरिकेच्या बाबतीत आपण अजून घडत असलेल्या गोष्टींवर बोलतो. ब्रिटनचा, जगभर पसरलेल्या सत्तेपासून मध्यम आकाराच्या युरोपीय राष्ट्रापर्यंतचा सगळा प्रवास, त्यातल्या अनेक निर्णयांच्या मंत्रिमंडळीय कागदपत्रांसह, आपल्यासमोर उघडा आहे.

माझे उत्तर असे आहे. ज्या गोष्टीसाठी तुम्ही खरोखर लढाल अशी समोरच्याची खात्री आहे, तेवढीच गोष्ट प्रतिरोधनाने राखता येते. स्वतःच्या भूमीबद्दल ही खात्री कोणाला पटवून द्यावी लागत नाही. पण जागतिक स्थान हे मायभूमीपासून हजारो मैल दूर असलेल्या बंदरांत, बेटांत, मित्रराष्ट्रांना दिलेल्या शब्दांत असते आणि तिथली खात्री रोज नव्याने निर्माण करावी लागते. त्यासाठी माणसे, जहाजे आणि पैसा सतत खर्ची पडतो. ब्रिटनने विसाव्या शतकात पुन्हा पुन्हा असा प्रयत्न केला की एखादे भव्य, धाक बसवणारे शस्त्र घ्यावे आणि त्याच्या आधाराने दूरची शिबंदी कमी करावी. त्या शस्त्राने देश राखला असेल, पण स्थान राखले नाही. हे कसे घडले ते तपशिलात पाहण्यासारखे आहे.

१९२१ मध्ये ब्रिटिश सरकारने सिंगापूरला मोठा नाविक तळ उभारायचे ठरवले. पहिल्या महायुद्धाने खजिना रिकामा केला होता आणि युरोपचे समुद्र व पॅसिफिक अशा दोन्हीकडे एकाच वेळी प्रबळ आरमार ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून योजना अशी झाली की पूर्वेला मोठे आरमार कायमचे न ठेवता फक्त तळ ठेवावा आणि जपानशी युद्धाचा प्रसंग आलाच तर मुख्य आरमार युरोपातून तिकडे पाठवावे. तळावर साठ दशलक्ष पौंडांहून अधिक खर्च झाला आणि १९३८ मध्ये त्याचे थाटात उद्घाटन झाले. त्याच काळात आरमार पोहोचायला लागणारा अपेक्षित अवधी मात्र वाढत गेला. सुरुवातीला तो सुमारे सहा आठवडे धरला होता. युरोपात युद्ध पेटल्यावर तो १८० दिवसांवर गेला. तळ पक्का होत होता आणि त्यामागचे आश्वासन विरळ होत होते. टोकियोतल्या अधिकाऱ्यांना हे समजायला गुप्तहेरांची गरज नव्हती, कारण ब्रिटिश जहाजे कुठे गुंतली आहेत हे साऱ्या जगाला दिसत होते.

१९४१ च्या शरद ऋतूत चर्चिल यांनी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही नवी बॅटलशिप आणि ‘रिपल्स’ ही जुनी पण वेगवान बॅटलक्रूझर पूर्वेला पाठवण्याचा आग्रह धरला. नौदलाच्या वरिष्ठांना त्याऐवजी जुन्या बॅटलशिप हिंदी महासागरात जमवून हळूहळू संतुलित आरमार उभे करायचे होते. चर्चिल यांचा हेतू लढण्यापेक्षा धाक बसवण्याचा होता: नाव गाजलेले एक बलाढ्य जहाज त्या समुद्रात आहे एवढ्यानेच जपानी आरमार बिचकेल, असा त्यांचा हिशेब होता. सोबत जोडण्याचा विचार असलेली विमानवाहू नौका ‘इंडॉमिटेबल’ जमैकाजवळ उथळ पाण्यात रुतून नादुरुस्त झाली आणि दोन्ही जहाजे हवाई छत्राशिवायच पुढे गेली. २ डिसेंबर १९४१ रोजी ती सिंगापूरला पोहोचली आणि त्यांच्या आगमनाला मुद्दाम प्रसिद्धी देण्यात आली. पण पर्ल हार्बरवर जाणारे जपानी आरमार २६ नोव्हेंबरलाच निघालेले होते आणि १ डिसेंबरला सम्राटांच्या उपस्थितीतील परिषदेत युद्धाचा अंतिम निर्णय झाला होता. १० डिसेंबरला मलायाच्या पूर्व किनाऱ्यासमोर जपानी विमानांनी दोन्ही जहाजे बुडवली. सुमारे ८४० खलाशी गेले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूरने शरणागती पत्करली आणि हजारो भारतीय सैनिक तिथे युद्धकैदी झाले.

या घटनेचा नेहमीचा धडा विमानांपुढे बॅटलशिप टिकत नाहीत असा सांगितला जातो. तो खरा आहे, परंतु प्रतिरोधनाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिका, ब्रिटन आणि डच सरकारने जपानचा तेलपुरवठा तोडला होता. जपानी नेतृत्वापुढे हल्ला करण्याची किंमत होती तशीच हल्ला न करण्याचीही किंमत होती आणि दुसरी त्यांना अधिक जबर वाटली. जरब बसवणारा देश बहुधा एकच प्रश्न विचारतो: आपण पुरेसे भयंकर दिसतो का? समोरच्याला स्वस्थ बसणे किती महाग पडते आहे, हा प्रश्न तो विसरतो. ज्याला स्वस्थ बसल्याने आपला नाश दिसतो त्याला दोन जहाजांनी काय, वीस जहाजांनीही परावृत्त करणे कठीण असते.

महायुद्धानंतर हीच विचारपद्धती नव्या शस्त्राच्या रूपाने परत आली. १९४६ मध्ये अमेरिकेने मॅकमेहॉन कायदा करून अणुविषयक माहिती मित्रांनाही बंद केली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या एका छोट्या समितीत खर्चाच्या कारणाने बॉम्बचा प्रकल्प बारगळण्याच्या बेतात होता. तेव्हा परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी ठासून सांगितले की अमेरिकी परराष्ट्रमंत्री आपल्याशी ज्या भाषेत बोलले त्या भाषेत यापुढे कोणत्याही ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्याशी कोणी बोलू नये, म्हणून हे शस्त्र काहीही किंमत पडली तरी आपल्याकडे हवे आणि त्यावर युनियन जॅक, म्हणजे आपला झेंडा, हवा. हे विधान मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण यात सोव्हिएत हल्ल्याचा उल्लेख नाही. शस्त्र हवे होते ते मित्राने मान द्यावा म्हणून. प्रतिरोधन आणि प्रतिष्ठा यांची गाठ तिथे पडली आणि ती आजवर सुटलेली नाही.

त्या काळी याविरुद्ध बोलणारा माणूस सरकारातच होता. संरक्षण खात्याचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार सर हेन्री टिझर्ड यांनी १९४९ मध्ये लिहून ठेवले की आपण आता महासत्ता नाही आणि पुन्हा होणारही नाही. आपण एक थोर राष्ट्र आहोत, पण महासत्तेसारखे वागत राहिलो तर थोर राष्ट्रही राहणार नाही. त्यांचे कोणी ऐकले नाही. ३ ऑक्टोबर १९५२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या मॉन्टे बेल्लो बेटांजवळ ब्रिटनची पहिली अणुचाचणी झाली.

आता सुएझकडे येऊ. माझ्या मते या विषयातले सर्वांत स्वच्छ उदाहरण हेच आहे. २६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ११ ऑक्टोबरला, म्हणजे पॅरिस आणि लंडनमध्ये गुप्त खलबते सुरू असतानाच्या दिवसांत, ऑस्ट्रेलियातील मारालिंगा येथे व्हॅलियंट जातीच्या बॉम्बर विमानाने ब्रिटनचा अणुबॉम्ब प्रथमच हवेतून टाकून चाचणी घेतली. ३१ ऑक्टोबरला त्याच जातीची विमाने इजिप्तच्या विमानतळांवर साधे बॉम्ब टाकत होती. ५ नोव्हेंबरला छत्रीधारी सैनिक उतरले, ६ नोव्हेंबरला समुद्रमार्गे फौज उतरली आणि त्याच दिवशी मध्यरात्री युद्धबंदी जाहीर करावी लागली. अण्वस्त्रधारी ब्रिटनला अण्वस्त्र नसलेल्या इजिप्तपुढे माघार घ्यावी लागली. इजिप्तने ती रणांगणावर घ्यायला लावली नव्हती. पौंडावर दबाव आला होता, परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटत होती आणि फौजा मागे घेतल्याशिवाय आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतून मदत मिळू देणार नाही, अशी आयझेनहॉवर सरकारची भूमिका होती. सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांनी क्षेपणास्त्रांची गर्भित धमकी देणारे पत्र ५ नोव्हेंबरला पाठवले होते आणि अरब जगात तेच गाजले, परंतु लंडनमध्ये निर्णय फिरवला तो अर्थमंत्री मॅकमिलन यांच्या आकड्यांनी. पंतप्रधान ईडन यांनी जानेवारी १९५७ मध्ये राजीनामा दिला.

सुएझमधून दोन देशांनी दोन निष्कर्ष काढले. अमेरिकेवर विसंबून राहता येत नाही, असे फ्रान्सला वाटले. अमेरिकेशिवाय काहीच करता येत नाही, असे ब्रिटनला वाटले. पण ब्रिटनने आणखी एक निष्कर्ष काढला, जो मला अतिशय दुर्दैवी वाटतो: साधी फौज कामाला आली नाही, तेव्हा ती कमी करावी आणि अण्वस्त्रांवर भिस्त ठेवावी. एप्रिल १९५७ मध्ये संरक्षणमंत्री डंकन सँडीज यांनी मांडलेल्या श्वेतपत्रिकेने सक्तीची लष्करी सेवा संपवायचे ठरवले आणि सुमारे ६,९०,००० असलेले सैन्यबळ १९६२ पर्यंत ३,७५,००० वर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. हिशेब साधा होता: हायड्रोजन बॉम्ब एकदा बनवला की तो पगार मागत नाही, निवृत्तिवेतन मागत नाही, बराक मागत नाही. सुएझमध्ये जो पैशाचा दुबळेपणा उघडा पडला होता त्यावर या हिशेबात उपाय नव्हताच. दूरच्या प्रदेशात लागणारी माणसे मात्र कमी झाली.

आणि तरीही पुढची दहा वर्षे ब्रिटनची जरब जिथे जिथे चालली तिथे ती माणसांच्याच बळावर चालली. १९ जून १९६१ रोजी कुवेत स्वतंत्र झाला आणि २५ जूनला इराकचे अब्द अल-करीम कासिम यांनी त्यावर हक्क सांगितला. १ जुलैला ‘बुलवर्क’ या नौकेवरून ब्रिटिश मरीन उतरले आणि काही दिवसांत काही हजारांची फौज वाळवंटात उभी राहिली. इराकी हल्ला झाला नाही. कासिम यांचा हल्ल्याचा बेत खरोखर होता का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि हा मतभेद कधी मिटणार नाही. प्रतिरोधन फसले की त्याचा पुरावा प्रेतांच्या रूपाने समोर असतो. ते यशस्वी झाले तर हाती फक्त एक न घडलेली घटना उरते, आणि अर्थखात्याला न घडलेल्या घटनेसाठी पैसे मागणे हे संरक्षणमंत्र्याचे सर्वांत अवघड काम असते.

आग्नेय आशियातल्या बोर्निओ बेटावरचा संघर्ष याहून बोलका आहे. १९६३ ते १९६६ या काळात सुकार्नो यांच्या इंडोनेशियाने नव्याने स्थापन झालेल्या मलेशियाविरुद्ध सीमेवर छुपे युद्ध चालवले. ब्रिटनने सिंगापूर आणि मलायात बॉम्बर विमाने आणून ठेवली आणि सप्टेंबर १९६४ मध्ये ‘व्हिक्टोरियस’ ही विमानवाहू नौका इंडोनेशियाच्या सामुद्रधुनीतून उघडपणे नेली. हे वरचे टोक झाले. खाली जंगलात ब्रिटिश, गुरखा, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे सैनिक महिनोन्‌महिने गस्त घालत होते आणि प्रसंगी गाजावाजा न करता सीमेपलीकडे जाऊन प्रहार करत होते. इंडोनेशियाला युद्ध वाढवणे धोक्याचे वाटत होते आणि आहे तसे रेटणेही महाग पडत होते, शिवाय ब्रिटनने कोणत्याही विजयाची दवंडी न पिटल्यामुळे माघार घेण्यात नामुष्की नव्हती. समोरच्याला अब्रूने मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवणे हा प्रतिरोधनाचा अर्धा भाग आहे. धमकी देणाऱ्यांना हे फार क्वचित उमजते.

पण याची किंमत होती. या संघर्षाच्या ऐन भरात त्या भागात ब्रिटनचे पन्नास हजारांहून अधिक लोक तैनात होते. १८ नोव्हेंबर १९६७ ला पौंडाचे २.८० डॉलरवरून २.४० डॉलरपर्यंत अवमूल्यन झाले आणि १६ जानेवारी १९६८ ला पंतप्रधान विल्सन यांनी १९७१ च्या अखेरीपर्यंत सिंगापूर, मलेशिया आणि इराणी आखातातून फौजा काढून घेण्याची घोषणा केली. आखातातल्या शेखांनी तिथल्या शिबंदीचा खर्च स्वतः उचलण्याची तयारी दाखवली होती. ब्रिटिश सरकारने ती झिडकारली. सुएझच्या पूर्वेकडची दीड-दोनशे वर्षांची हजेरी अशी संपली. त्याच वर्षी, जून १९६८ मध्ये, ‘रेझोल्यूशन’ ही पोलॅरिस नावाची अमेरिकी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे वाहणारी पहिली ब्रिटिश पाणबुडी गस्तीवर निघाली. जागतिक स्थान सोडणे आणि जागतिक स्थानाचे सर्वोच्च चिन्ह मिळवणे, दोन्ही एकाच वर्षात घडले. ज्याला या विषयाचा गाभा समजून घ्यायचा आहे त्याने या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात.

त्या पाणबुडीची कथाही स्वावलंबनाची नाही. ब्रिटनने स्वतःचे ‘ब्लू स्ट्रीक’ क्षेपणास्त्र १९६० मध्ये सोडून दिले आणि अमेरिकेच्या ‘स्कायबोल्ट’वर विसंबले. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेने स्कायबोल्टच रद्द केले. डिसेंबरात बहामा बेटांतील नासाऊ येथे, तोवर पंतप्रधान झालेल्या मॅकमिलन यांना केनेडी यांच्याकडून अक्षरशः गळ घालून पोलॅरिस मिळवावे लागले. अवघ्या काही दिवसांपूर्वी, ५ डिसेंबरला, माजी अमेरिकी परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचिसन यांनी ब्रिटनने साम्राज्य गमावले आहे आणि नवी भूमिका अजून शोधलेली नाही असे म्हटले होते, ते लंडनला फार झोंबले होते. १४ जानेवारी १९६३ ला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी युरोपीय आर्थिक समुदायाचे दार ब्रिटनला बंद केले. त्यांच्या नकाराला इतर कारणेही होती, तरी अमेरिकी क्षेपणास्त्रांवर उभी असलेली सत्ता युरोपीय म्हणवून घेऊ शकत नाही, हा मुद्दा नासाऊने त्यांच्या हाती दिला.

या व्यवहाराचा एक भाग आपल्या हिंदी महासागरात आहे आणि त्याबद्दल बोलताना मला आजही संताप येतो. १९६५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसपासून चागोस बेटे तोडून स्वतःकडे ठेवली आणि त्यातले दिएगो गार्सिया अमेरिकेला लष्करी तळासाठी दिले. मोबदल्यात अमेरिकेने पोलॅरिसच्या संशोधन खर्चातला एक कोटी चाळीस लाख डॉलरपर्यंतचा आकार माफ केला. १९६८ ते १९७३ या काळात तिथले दीड ते दोन हजार रहिवासी मॉरिशस आणि सेशेल्सला हलवण्यात आले आणि त्यांना परतू दिले गेले नाही. प्रतिरोधनाच्या चर्चेत किंमत हा शब्द आपण सहज वापरतो. ती कोणी मोजली हे नोंदवणे माझ्या मते अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

ब्रिटनच्या ताब्यातल्या, पण अर्जेंटिना हक्क सांगत असलेल्या फॉकलंड बेटांच्या प्रकरणात वरच्या सगळ्या धाग्यांची गाठ पडते. १९७६ च्या अखेरीस अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधील साउथ थुले या ब्रिटिश बेटावर आपली माणसे उतरवली. १९७७ मध्ये कॅलाहन सरकारने ‘ड्रेडनॉट’ ही आण्विक पाणबुडी आणि दोन फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, गुपचूप त्या भागात पाठवल्या. पुढे अनेकांनी याला यशस्वी प्रतिरोधनाचे उदाहरण म्हणून मिरवले. पण ही मोहीम इतकी गुप्त होती की अर्जेंटिनाला तिचा पत्ता लागला होता याचा पुरावा नाही, आणि जी गोष्ट समोरच्याला ठाऊकच नाही तिने तो परावृत्त झाला असे म्हणता येत नाही. त्याला सज्जता म्हणावे. जरब म्हणू नये. याच्या उलट बाजूने, जून १९८१ मध्ये संरक्षणमंत्री जॉन नॉट यांच्या पुनरावलोकनात जे ठरले ते मात्र ब्युनॉस आयर्सला व्यवस्थित ऐकू गेले. ‘एन्ड्युरन्स’ हे दक्षिण अटलांटिकमधले हलकी शस्त्रे असलेले एकमेव जहाज काढून घेतले जाणार होते. परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांनी विरोध केला, तो चालला नाही. ‘इन्व्हिन्सिबल’ ही विमानवाहू नौका ऑस्ट्रेलियाला विकायचे ठरले होते, ‘हर्मिस’ही निवृत्तीच्या वाटेवर होती. त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने अनेक फॉकलंडवासीयांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व नाकारले होते. यातला कोणताही निर्णय अर्जेंटिनाला उद्देशून घेतलेला नव्हता. सगळे मिळून मात्र एकच निरोप गेला की या बेटांसाठी लंडन लढणार नाही.

२ एप्रिल १९८२ ला अर्जेंटिनाने बेटे घेतली. त्या दिवशीही एक पोलॅरिस पाणबुडी कुठेतरी समुद्राखाली नेहमीप्रमाणे गस्तीवर होती. गाल्तिएरी यांच्या लष्करी मंडळाने तिचा विचार केला नाही आणि तो न करणे तर्काला धरूनच होते, कारण सुमारे १,८०० वस्तीच्या बेटांसाठी अण्वस्त्र वापरले जाईल हे कोणालाही खरे वाटले नसते. बेटे परत मिळवली ती निवृत्तीच्या आणि विक्रीच्या यादीतल्या जहाजांनी. २ मे रोजी ‘कॉन्करर’ पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडवली आणि त्यानंतर अर्जेंटिनाचे आरमार, विमानवाहू नौकेसह, किनाऱ्याजवळच्या पाण्यात परतले ते पुन्हा बाहेर आले नाही. गमावलेली जरब पुन्हा बसवायला शेकडो माणसे मारावी लागली. १४ जूनला शरणागती झाली तोवर २५५ ब्रिटिश सैनिक, ६४९ अर्जेंटिनी आणि तीन बेटवासी प्राणास मुकले होते. त्यानंतर ब्रिटनने माउंट प्लेझंट येथे नवा विमानतळ बांधला आणि कायमची शिबंदी ठेवली, जी एका ‘एन्ड्युरन्स’च्या तुलनेत कितीतरी पटींनी महाग आहे. मुंबईच्या वाचकांना यातले एक जहाज परिचयाचे आहे: त्या मोहिमेची ध्वजनौका ‘हर्मिस’ भारताने विकत घेतली आणि ती ‘विराट’ या नावाने १९८७ ते २०१७ अशी तीस वर्षे आपल्या नौदलात राहिली. अर्जेंटिनाने काही महिने धीर धरला असता तर ब्रिटनकडे पाठवायला पुरेशा नौकाच उरल्या नसत्या.

एवढे सांगितल्यावर ब्रिटनचे अण्वस्त्र निरुपयोगी होते असा अर्थ कोणी काढू नये. त्याचे काम वेगळे होते. मॉस्को उद्ध्वस्त करता येईल एवढी क्षमता आपल्याकडे असावी, हा ब्रिटिश योजनाकारांचा दंडक होता. मॉस्कोभोवती क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा उभी राहिली तेव्हा ती भेदण्यासाठी ‘शेव्हलीन’ हा प्रकल्प इतक्या गुप्ततेने चालला की अनेक मंत्र्यांनाही त्याची माहिती नव्हती, आणि जानेवारी १९८० मध्ये तो संसदेत उघड झाला तेव्हा खर्च सुमारे शंभर कोटी पौंडांवर गेला होता. १९६९ पासून किमान एक पाणबुडी सतत समुद्रात आहे. ब्रिटनच्या भूमीवर सोव्हिएत हल्ला झाला नाही. याचे श्रेय ब्रिटिश अस्त्रांना किती, अमेरिकी अस्त्रांना किती, हे सिद्ध करता येणार नाही, पण स्वतःच्या अस्तित्वापुरती ही जरब विश्वसनीय होती असे मी मानतो. अण्वस्त्रामुळेच सुरक्षा परिषदेतली कायमची जागा टिकली, हा दावा मात्र मला पटत नाही. ती जागा ब्रिटनला १९४५ मध्ये, पहिल्या चाचणीच्या सात वर्षे आधी मिळाली होती, आणि तैवानमधल्या चिनी सरकारने एकही अण्वस्त्र नसताना तशीच कायमची जागा १९७१ पर्यंत सांभाळली.

अमेरिकेविषयी विचारणाऱ्यांना मी जानेवारी १९५० ची आठवण करून देतो. १९४९ च्या उन्हाळ्यापर्यंत अमेरिकी फौजा दक्षिण कोरियातून निघून गेल्या होत्या आणि तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या अ‍ॅचिसन यांनी आशियातील अमेरिकी संरक्षणरेषा सांगताना कोरियाचे नाव घेतले नाही. २५ जून १९५० ला उत्तर कोरियाने हल्ला केला. अमेरिकेकडचा अण्वस्त्रांचा साठा त्या वेळी जगात सर्वांत मोठा होता. आज दक्षिण कोरियात सुमारे २८,५०० अमेरिकी सैनिक आहेत. एवढ्या फौजेने युद्ध जिंकता येणार नाही, परंतु पहिल्याच दिवशी अमेरिकी माणसे मरतील हे उत्तरेला ठाऊक असते. विल्सन सरकारातले संरक्षणमंत्री डेनिस हीली यांनी याचेच दुसरे अंग सांगितले होते: रशियाला परावृत्त करायला पाच टक्के विश्वसनीयता पुरते, युरोपीय मित्रांना धीर द्यायला पंचाण्णव टक्के लागते. जागतिक स्थान शत्रूच्या भीतीपेक्षा मित्रांच्या विश्वासावर अधिक अवलंबून असते, आणि मित्र शस्त्रागारापेक्षा हजेरीपटाकडे अधिक बारकाईने पाहतात.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न अजून जिवंत आहे. मार्च २०२१ च्या धोरणपत्रात अण्वस्त्रांची कमाल मर्यादा, आधी ठरलेल्या १८० वर नेण्याऐवजी, २६० पर्यंत वाढवण्यात आली आणि त्याच महिन्यातल्या संरक्षण आराखड्यात नियमित भूदल ७२,५०० वर आणायचे ठरले. म्हणजे सँडीज यांचाच हिशेब पुन्हा मांडला गेला. त्याच वर्षी ‘क्वीन एलिझाबेथ’ ही विमानवाहू नौका पूर्वेला आली आणि ऑक्टोबरमध्ये तिच्या ताफ्याने भारतासोबत कोकण किनाऱ्यासमोर ‘कोकण शक्ती’ हा सराव केला. त्या मोहिमेवर निघताना तिच्यावरची आठ एफ-३५ विमाने ब्रिटनची होती आणि दहा अमेरिकी मरीनची. मला या भव्य सफरीपेक्षा सप्टेंबरात निघालेली ‘स्पे’ आणि ‘टॅमार’ ही दोन छोटी गस्ती जहाजे अधिक अर्थपूर्ण वाटतात, कारण ती परत जाण्यासाठी आलेली नव्हती. कायमचा तळ नसतानाही त्या समुद्रांत राहण्यासाठी आली होती. पण ‘एन्ड्युरन्स’प्रमाणेच त्यांच्यावर नावापुरती शस्त्रे आहेत आणि त्यांचे वजन त्यांच्यामागून किती जहाजे येऊ शकतात यावरून ठरेल. १९८२ मध्ये ब्रिटनकडे पन्नासहून अधिक फ्रिगेट आणि विनाशिका होत्या. आता वीसही नाहीत, आणि ‘ड्रेडनॉट’ वर्गाच्या नव्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांचा ३१ अब्ज पौंडांचा खर्च त्याच संरक्षण अंदाजपत्रकातून व्हायचा आहे. ब्रिटनचे जागतिक स्थान पुढच्या वीस वर्षांत किती उरेल हे मला सांगायचे झाले, तर मी २६० या आकड्याकडे पाहणार नाही. फ्रिगेटची संख्या वाढते की घटते, ते पाहीन.